एक ओळ वर सरकलेली उत्तरं

ओएमआर, म्हणजे गोल काळे करून उत्तर द्यायच्या, उत्तरपत्रिकांच्या तपासणीत गुण देणं हे सोपं काम. डोकं खातात त्या खोडलेल्या जागा. पेन्सिलीनं काळा केलेला गोल कितीही घासला तरी करडा डाग राहतो. स्कॅनर गोलाचा काळेपणा मोजतो, आणि एकाच ओळीत एक गडद, एक फिकट दिसला की 'उत्तर बदललं' अशी नोंद करतो. चुकीवरून बरोबरवर गेलेली उत्तरं वेगळी मोजून वर्गाची सरासरी काढतात. ती फारच वर गेली की संशय शिक्षकावर. संशय अगदीच हवेतला नाही. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांची उत्तरं बदलल्याचं प्रकरण याच खुणांवरून फुटलं. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला.

आमच्या तपासणीत आलेल्या एका वर्गात मुलं २२, अशी बदललेली उत्तरं ६२, म्हणजे मुलामागे २.८. सगळ्या परीक्षार्थींची सरासरी १, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप) १.५. त्याला २२ च्या वर्गमुळानं भागलं की ०.३२, सरासरीच्या वर त्याच्या चौपट अंतरावर आमची संशयाची रेषा, साधारण २.३ ला. वर्ग पार पलीकडे. शिक्षिकेला खुलाशाचं पत्र गेलं, तेव्हा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कुणी सोडलाही नव्हता. हे नेहमीचंच. पत्राला एक कळ दाबावी लागते, गठ्ठ्याला माणूस लागतो.

गठ्ठा सोडल्यावर ६२ पैकी ३६ दोनच पत्रिकांत निघाली, १९ आणि १७. उरलेल्या २० मुलांची सरासरी १.३, त्यात बोलण्यासारखं काही नाही. १९ वाली भिंगाखाली घेतली. तेराव्या प्रश्नापर्यंत एकही डाग नाही. चौदाव्या ओळीत डाग 'क' वर, आणि पंधराव्यातलं पक्कं उत्तर 'क'. पंधराव्यात डाग 'अ' वर, सोळाव्याचं उत्तर 'अ'. लागोपाठची दोन उत्तरं सारखी होती तेवढ्या ओळी सोडल्या तर एकोणचाळिसाव्यापर्यंत हाच क्रम. शेवटच्या, चाळिसाव्यात डाग नाही, कारण तिथे भरायला उत्तरच उरलं नव्हतं. चौदावा प्रश्न नंतरसाठी सोडला होता, ओळ मात्र सोडली नव्हती. उत्तरसूची हातात घेऊन बसलेला माणूस चुकलेलीच उत्तरं बदलतो. इथे चुकीची उत्तरंही तितक्याच इमानानं एक ओळ खाली नेली होती. दुसऱ्या पत्रिकेत तेच, अठराव्यापासून.

ही जुळणी संगणकाला सहज करता येते. पहिल्या चाळणीतच ती बसवा, ही मागणी मात्र दर वेळी पुढच्या बैठकीवर जाते.

खरा पेच पुढेच आहे. परीक्षेच्या दिवशीच्या नोंदवहीत त्या बाईंनी लिहिलं होतं : "दोन मुलांच्या ओळी सरकलेल्या दिसल्या, म्हणून प्रश्नक्रमांक पडताळा असं सगळ्या वर्गाला सांगितलं." खुलाशातही हेच. डागांनी त्यांचा शब्द खरा ठरवला. पण सूचनापत्रातल्या मजकुराबाहेर काही बोलायचं नाही, असा नियम आहे. फेरफाराचा आरोप गळाला आणि नियमभंगाचा शेरा लागला, तोही त्यांनीच लिहून ठेवलं म्हणून. नोंदवही कोरी ठेवणाऱ्याला हा शेरा लागूच शकत नाही.

समिती म्हणते, एका वर्गाला आठवण करून दिली आणि दुसऱ्याला नाही, तर गुणांची तुलना कशी करायची? मुद्दा बिनतोड आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण ओळ चुकल्यामुळे गेलेल्या गुणांतून मुलाचं गणित तरी कुठे कळतं? तेच वाक्य सूचनापत्रात छापा, वेळ निम्मी झाली की प्रत्येक वर्गात वाचा, असं टिपण मी दिलं. ते विचाराधीन आहे. शेरा लागू झालाय.