सोप्यावरचा टेलिफुंकन

डिचोलीच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून टेलिफुंकन रेडिओ खाली उतरवला, तेव्हा त्याच्या लाकडी पेटीचा तळ वाळवीने पोखरलेला होता, उजव्या अंगाचा व्हिनिअर सुटून उभा राहिला होता आणि पाठीमागचा पुठ्ठा काढल्यावर दिसले की स्पीकरचा कागदी कोन काठालगत चार बोटे फाटला आहे. व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, मात्र सगळे जागच्या जागी होते. स्पीकर सरळ नवा बसवून पेटीला रंग द्यावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही, आणि का मानला नाही हे सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

हा रेडिओ आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतला. भारताने १९५५ मध्ये गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यानंतर मुरगाव बंदरातून युरोपीय माल मोठ्या प्रमाणावर येऊ लागला, त्या काळातला हा जर्मन बनावटीचा संच. दिवसा त्यावर एमिसोरा द गोवा हे पोर्तुगीज अमदानीतले रेडिओ केंद्र लागत असे आणि रात्री दारे लावून, आवाज अगदी बारीक करून, आजोबा ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ ऐकत. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे सरहद्दीपलीकडच्या जंगलातून कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत ते गुप्त केंद्र १९५५ पासून मुक्तीपर्यंत चालवत होते. आजोबा कान लावून बसले की आजी अंगणात उभी राहून रस्त्याकडे लक्ष ठेवत असे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुसेनेने बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला, त्या दिवशी तबकडीवर एमिसोराच्या जागी नुसती खरखर होती, असे आजोबा सांगत. हे सगळे याच कागदी कोनातून ऐकू आले होते, म्हणून तोच कोन मला पुन्हा बोलता करायचा होता.

माळ्यावरून काढलेला व्हॉल्व्ह रेडिओ कधीही थेट विजेला जोडू नये. आतल्या कागदी कपॅसिटरांचे मेण वितळलेले असते, त्यांतून वीज गळू लागते आणि ईएल८४ या अखेरच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब येऊन व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळतात. शिवाय स्पीकर सुटा करून संच चालवणेही तितकेच घातक आहे, कारण भार नसलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा दाब त्याचे आवरण फोडू शकतो. त्यामुळे स्पीकर दुरुस्त होईपर्यंत मी प्लगला हातच लावला नाही.

गोव्यात स्पीकरचे दोन शत्रू आहेत, खारी दमट हवा आणि कसर. कसरीने कोनाचा काठ कुरतडला होता आणि दमटपणामुळे चुंबकाच्या फटीत गंज धरला होता. त्यात पूर्वी कोणा दुरुस्ती करणाऱ्याने एका फाटीवर सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन लावून रबराचे ठिगळ चिकटवले होते, त्याच्या वजनाने कोन एका बाजूला झुकलेला होता. व्हॉइस कॉइलचा, म्हणजे कोनाला हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, रोध मोजला तेव्हा सुमारे ४ ओहम भरला. मीटरवर तारेचा रोध छापील आकड्याहून थोडा कमीच भरतो, त्यामुळे पाच ओहमच्या स्पीकरसाठी ते बरोबर आहे, म्हणजे तार शाबूत होती. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की खट् असा स्वच्छ आवाज यायला हवा, पण येथे कागद घासल्याचा आवाज आला.

ठिगळ सोडवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. फाटीवर लावण्यासाठी खळ वापरावी असे आधी मनात आले, कारण जुने बुकबाइंडर मोरचूद घातलेली खळ वापरतात आणि ती पुस्तकांवर वर्षानुवर्षे टिकते. परंतु कसरीचे हे घर पाहता पिठाचा अंशही मला नको होता. पांढरा गोंद निम्म्या पाण्यात पातळ करून, टिश्यू पेपरचे तंतू सुटतील असे हाताने फाडलेले तुकडे मी दोन्ही बाजूंनी लावले. कात्रीने कापलेला कागद ठळक कडा सोडतो आणि ताठ कड असलेल्या जागी कोन पुढे फाटतो. पहिल्या प्रयत्नात मी गोंद जाड लावला आणि तो भाग पुठ्ठ्यासारखा कडक झाला, तेव्हा ओल्या कापसाने सगळे सोडवून पुन्हा सुरुवात केली. फटीतला गंज चिकटपट्टीच्या अरुंद पट्टीने टिपून काढला आणि जुन्या फोटो-फिल्मच्या चार पट्ट्या कॉइलभोवती सरकवून ती मध्यावर आणली. पट्ट्या काढल्यावर कोन बोटांनी हलके दाबला, तर तो निःशब्द आत गेला आणि निःशब्द वर आला. इतका आनंद मला पुढे रेडिओ वाजला तेव्हाही झाला नाही.

पेटीला आपल्याकडे शोभेची वस्तू समजतात, तो गैरसमज आहे. स्पीकरच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या ध्वनिलहरी एकमेकींच्या उलट असतात. त्या एकत्र आल्या की खर्जाचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. त्यांना वेगळे ठेवण्याचे काम पुढची फळी आणि पेटीच्या बाजू करतात, म्हणून तळ पोकळ झालेली आणि सांध्यांतून हलणारी पेटी कितीही चांगला स्पीकर बसवला तरी झिणझिणतच राहते. आमच्या सुतारमेस्तांनी तळ पूर्ण बदलू या म्हटले, पण मी विनंती केल्यावर त्यांनी निरोगी लाकूड राखून खाल्लेल्या भागापुरतीच नवी पट्टी तिरक्या सांध्याने बसवली. सुटलेला व्हिनिअर गरम सरसाने चिकटवून मेणकागदावर वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर दाबला. पॉलिशसाठी मात्र डिसेंबरपर्यंत थांबलो, कारण स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा दमट हवेत वाळताना पांढुरका पडतो. मूळचा जर्मन लाखेचा तकतकीतपणा त्याला नाही. नवी पट्टी जवळून पाहिल्यास ओळखू येते. ती लपवण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

बाकीचे काम सरळ होते. गळके कपॅसिटर बदलले, सेलेनियम रेक्टिफायरच्या जागी सिलिकॉन डायोड घालून दाब वाढू नये म्हणून पुढे रेझिस्टर ठेवला, पाठीमागचा व्होल्टेज निवडक २२० वरून २४० वर नेला आणि आत काही बिघाड असल्यास वीज रोखली जावी म्हणून ६० वॅटचा साधा बल्ब सीरिजमध्ये लावून वीज दिली. बल्ब उजळून मंद झाला आणि थोड्या वेळाने केंद्र नीट लागले की नाही हे दाखवणाऱ्या ईएम८० या व्हॉल्व्हचा हिरवा डोळा उघडला.

तबकडीवर आकडे मीटरमध्ये आहेत. आकाशवाणी पणजीचे १२८७ किलोहर्ट्झ म्हणजे २३३ मीटर, हे आधीच गणित करून मी काटा तेथे ठेवला होता. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “खालचे सूर आहेत तसेच आहेत रे.” एफएमचा पट्टा या संचात १०० मेगाहर्ट्झला संपतो, त्यामुळे पणजीचे १०५.४ वरचे केंद्र त्याच्या तबकडीबाहेर राहते. तो पट्टा वाढवण्यासाठी कॉइलला हात लावायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले. डाव्या बाजूचा लहान स्पीकर अजून मुका आहे, त्याची कॉइल मधोमध तुटलेली असल्याने ती नव्याने गुंडाळावी लागणार आहे. रात्री मध्यम लहरी ऐकायच्या असल्या की आम्ही सोप्यावरचे एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर बंद करतो, कारण त्यांची खरखर दूरच्या केंद्रांना गिळते, आणि मग हिरव्या डोळ्याच्या उजेडात बाबाच काटा फिरवतात.