उरलेले बाराशे मीटर

सांगली, २८ सप्टेंबर, रात्री ११.४०

आज मी खोटं बोललो, तेही आकड्यात.

भाच्यानं मला रोइंग मशीनच्या टीम चॅलेंजमध्ये ओढलंय. रोइंग मशीन म्हणजे बसल्या जागी होडी वल्हवल्यासारखं ओढायचं व्यायामाचं यंत्र; ओढलं की आतला पंखा फिरतो. मशीन बनवणाऱ्या कॉन्सेप्ट टू कंपनीचं हे फॉल टीम चॅलेंज १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर चालतं. ज्यानं त्यानं आपापल्या मशीनवर ओढायचं, मीटर टीमच्या खात्यात जमा. आम्ही पाच जण: भाचा पुण्यात, त्याचे तीन मित्र बंगळुरात आणि इथं गावभागात मी, वय ५३.

मशीन घेताना हिचा पहिला प्रश्न होता, पूर आला तर हे धूड कुठं ठेवणार? बरोबरच होतं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छताचा पंखा तेवढा कोरडा होता. मशीनचे पाना न लावता दोन तुकडे होतात, जिन्यानं वर नेता येतात, हे दाखवलं तेव्हा कुठं परवानगी मिळाली.

पहिले चार दिवस डँपर १० वर ठेवून वेड्यासारखा ओढत होतो. १० म्हणजे पैलवानाचा आकडा असं वाटायचं. भाचा फोनवर हसला. "मामा, ते वजन नाही, हवा आत सोडायची झडप आहे. ४ वर ठेव आणि हातापेक्षा पाय वापर." शिवाय हवेचा हिशेबच असा की वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. म्हणजे दात-ओठ खाऊन ओढलं तरी पदरात चार मीटरच जास्त पडणार. हे कळल्यापासून रोज ५,००० मीटर, ५०० ला तीन मिनिटांच्या जरा आत. कंबर दुखायची थांबली.

आज ३,८०० वर उतरलो. पाहुणे आले होते, भडंग जास्त झालं, ही सगळी निमित्तं. खरं कारण कंटाळा. ग्रुपवर पोरांनी सहा-सहा, आठ-आठ हजारांचे फोटो टाकलेले. कंपनीच्या ऑनलाइन वहीत, म्हणजे लॉगबुकात, आकडा हातानंही भरता येतो. मी ५,००० भरले. लगेच अंगठे आले.

टीमच्या लाखांच्या बेरजेत बाराशेचं काय एवढं? पण मी बँकेत कॅशवर बसलेला माणूस. एक रुपयाचा फरक सापडेना म्हणून रात्री नऊपर्यंत थांबलोय. अंथरुणावर पडलो आणि फरक डोक्यात टोचायला लागला.

साडेदहाला उठलो. दिवा लावला नाही. मॉनिटरवर १,२०० लावले, आकडा उलटा उतरायला लागला. सहाशेला छातीचा भाता झाला. लहानपणी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघताना घाटावरून आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडायचो, "ओढ, ओढ!" ओढणाऱ्याला त्यातलं काही ऐकू येत नसणार, हे आज कळलं. स्वतःच्या श्वासापलीकडे काही कानात शिरतच नाही.

सात मिनिटं लागली. शून्य आला तेव्हा आतल्या खोलीतून आईचा आवाज,

"अरे, एवढ्या रात्री कसला पंखा लावलायस? बिल कोण भरणार?"

केला बंद, म्हटलं.