खिडकी उघडून ओढली तरी धूर घरातच राहतो

"अरे मी खिडकीशी उभा राहून सिगारेट ओढतोय, तुला काय त्रास होतोय?" हे ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण त्रास होतो आणि ज्याला होतो तो बऱ्याचदा संकोचाने गप्प बसतो.

ओढणारा जो धूर बाहेर सोडतो तो पॅसिव्ह स्मोकिंगमधला (म्हणजे शेजारच्याच्या श्वासात जाणाऱ्या धुराचा) थोडाच भाग असतो, बहुतेक धूर सिगारेटच्या पेटत्या टोकातून निघतो, तो कुठल्याही फिल्टरमधून जात नाही आणि तिथे तंबाखू अर्धवट जळत असल्यामुळे त्यात विषारी द्रव्यं जास्तच असतात. एकूण ७,००० च्या वर रसायनं, त्यातली जवळपास ७० कॅन्सर करणारी. खिडकी उघडा, पंखा लावा, एसी लावा, वास कमी होईल पण बारीक कण तासन्‌तास खोलीत राहतात.

आणि लोकांना वाटतं फक्त फुफ्फुसाचाच प्रश्न आहे. जपानमध्ये हिरायामा या संशोधकांनी ९० हजारांहून जास्त न ओढणाऱ्या बायकांचा अभ्यास करून १९८१ साली दाखवलं होतं की नवरा ओढत असेल तर बायकोला फुफ्फुसाचा कॅन्सर व्हायचं प्रमाण वाढतं, ते खरंच आहे, पण माझ्या मते हृदयाबद्दल फारच कमी बोललं जातं. या धुराने रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) चिकट होतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं आणि हे व्हायला वर्षं लागत नाहीत, थोडा वेळ धुरात बसलं तरी सुरू होतं. म्हणून ज्याला आधीच हार्टचा त्रास आहे त्याच्याजवळ तर अजिबात ओढू नका, प्लीज. न ओढणाऱ्यांना घरी किंवा कामावर रोज हा धूर मिळत असेल तर हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्के वाढतो, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या) २००६ च्या रिपोर्टमध्ये आहे, आणि 'एवढ्या धुराने काही होत नाही' अशी कुठली सेफ पातळीच नाही हेही त्यातच लिहिलंय.

लहान मुलांचं तर विचारूच नका. त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो आणि खोलीतून उठून जाणं त्यांच्या हातात नसतं. दमा बळावतो, न्यूमोनिया, ब्राँकायटिस, सारखे कान दुखणं, आणि तान्ही बाळं झोपेत अचानक दगावण्याचा धोकासुद्धा वाढतो. गाडीत तर काचा खाली केल्या तरी ओढू नये, जागा केवढीशी असते!

ओढायचीच असेल तर पूर्ण घराबाहेर, दारापासून लांब. आणि मुलाचा खोकला जातच नसेल तर घरात कोण ओढतं ते डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.