वहीचं मागचं पान

"टीचर, हे चालतं का?"

दुसरीतल्या पोरीने वही पुढे केली. मागच्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'नो लिंग'. म्हणजे 'आमची भाषा'. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या कोर्लई गावात घराघरात बोलतात ती, पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली.

मी 'हो' म्हणेपर्यंत तिने खोडरबर फिरवायला सुरुवात केली होती. इतक्या जोरात, की कागद विरला.

"का गं खोडलंस?"

"शाळेची वही आहे ना."

आमच्याकडे प्रार्थना मराठीत, पाढे मराठीत, रविवारची चर्चमधली मिसासुद्धा मराठीत. पोरांना मराठी छान येते, त्याचा मला अभिमानच आहे. पण १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, त्यानंतर ही बोली टिकली ती चुलीपाशी, आयाबायांच्या तोंडी. आज बोलणारे जेमतेम हजारभर.

ते विरलेलं पान डोळ्यांसमोरून हलत नाहीये. माझ्याच वर्गात तिला असं का वाटावं?

उद्या फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखणार आहे. प्रत्येकाने आजीकडून एकेक शब्द आणायचा.

तुमच्या घरची बोली शाळेच्या वहीत यायची का हो?