घराला पाय फुटतात तेव्हा

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील मेडोरा येथे असलेले ‘माल्टीज क्रॉस केबिन’ हे पाइनच्या ओंडक्यांचे घर थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी १८८३-८४ च्या हिवाळ्यात, गावाच्या दक्षिणेस सुमारे सात मैलांवर बांधण्यात आले. तीव्र उताराचे छप्पर, त्याखाली गुराख्यांना झोपण्यासाठी माळा आणि तळाला तीन खोल्या, ही त्या ओसाड मुलखात चैनच म्हणायची. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मात्र या घराला पाय फुटले: १९०४ मध्ये सेंट लुइसचे व पुढच्याच वर्षी पोर्टलंडचे प्रदर्शन, मग फार्गो, त्यानंतर बिस्मार्क येथील राज्य विधानभवनाचे आवार. अखेर १९५९ मध्ये ते मेडोराच्या राष्ट्रीय उद्यानात आले, जे मला सर्वांत योग्य वाटते, जरी मूळ जागा तिथूनही काही मैल दूरच आहे.