टेपची उलटी बाजू

बुंधा मोजण्याच्या आमच्या टेपला दोन बाजू असतात. एका बाजूला नेहमीचे सेंटिमीटर असतात, तर दुसऱ्या बाजूच्या खुणा 3.14 सेंटिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे टेप घेराभोवती फिरवली तरी वाचताना थेट व्यास मिळतो. या दोन बाजूंची गल्लत करू नका, असे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावते. रस्ता रुंदीकरणात जाऊ घातलेल्या 41 झाडांचे मूल्यांकन करताना ती गल्लत माझ्याच हातून झाली.

सतरावे झाड हा एक जुना पर्जन्यवृक्ष होता. व्यास जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजण्याचा संकेत आहे (युरोपात 1.3 मीटर धरतात), पण नेमकी तिथेच खोडाला नारळाएवढी गाठ आली होती. गाठीवरून मोजले तर झाड आहे त्याहून जाड ठरते, म्हणून टेप खाली, खोड सारखे होते तिथे घ्यावी लागली. बुंधा कवेत मावणारा नव्हता, तेव्हा टेपचे टोक सहकाऱ्याने पलीकडून फिरवून दिले. त्या ओढाताणीत टेप पिळली गेली आणि मी व्यासाऐवजी घेर वाचला: 282. व्यासाच्या रकान्यात तो आकडा लिहून मी अठराव्या झाडाकडे वळले.

दुपारी गाडीत बसून हिशेब केला, तर त्या एका झाडात साठलेला कार्बन डायऑक्साइड 50 टनांच्या वर निघाला. शंका यायला हवी होती. मला आनंद झाला. तेवढ्यात रुंदीकरणाचे काम पाहणारे अभियंते आले आणि मी तो आकडा त्यांना सांगूनही बसले. उरलेल्या चाळीस झाडांची बेरीज केल्यावर मात्र पोटात गोळा आला, कारण ती सगळी मिळूनही सतराव्या झाडाची बरोबरी करत नव्हती. आम्ही वापरतो त्या सूत्रात व्यासाचा जवळजवळ वर्ग होतो, उंची आणि लाकडाची घनता वेगळी येते. म्हणजे व्यास 3.14 पटींनी चुकला की झाडाचे वजन नऊपटींहून अधिक वाढते. खरा व्यास 90 सेंटिमीटर होता. उंची 18 मीटर धरून आणि मोकळ्या जागेत वाढलेल्या झाडासाठी करतात ती घट लावून जमिनीवरच्या भागाचे कोरडे वजन तीन टनांच्या थोडे वर आले. त्यातला निम्मा कार्बन, त्याला 3.67 ने गुणून कार्बन डायऑक्साइड जेमतेम 6 टन.

चूक कबूल करायला मी उठून गेले. अभियंत्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मोबाइलवर काहीतरी शोधून म्हणाले, "मॅडम, अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एक साधी मोटार वर्षाला 4.6 टन सोडते. म्हणजे या झाडाने आयुष्यभर जे साठवले, ते एका गाडीचे सव्वा वर्ष?" गणित बरोबर होते. आमच्या क्षेत्रातले अनेक जण या प्रश्नाला बगल देतात, आणि माझ्या मते तिथेच आमची बाजू लंगडी पडते.

मी त्यांना न्यूयॉर्कचे उदाहरण सांगितले. तिथल्या रस्त्यांवरच्या सुमारे 5 लाख 92 हजार झाडांचा हिशेब 2007 मध्ये मांडला गेला, तेव्हा वार्षिक लाभ 12 कोटी डॉलरच्या आसपास निघाला आणि त्यात कार्बनचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता. पावसाचे पाणी अडवण्याचा वाटाच साडेतीन कोटी डॉलरच्या वर होता. पानांवर, फांद्यांवर, सालीवर पाणी थबकते आणि गटारात उशिरा पोचते, एवढ्या साध्या गोष्टीची ती किंमत.

"पण आम्ही एकाला तीन रोपे लावणार आहोत," ते म्हणाले. मग मी वहीच्या मागच्या पानावर दोन वर्तुळे काढली. लंडनमध्ये तयार झालेल्या कॅव्हॅट पद्धतीत झाडाचे मूळ मूल्य खोडाच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून काढतात आणि मग पर्णसंभाराची स्थिती, परिसरातली लोकसंख्या, उरलेले आयुष्य यांनुसार ते वरखाली करतात. 90 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचा छेद सुमारे 6,360 चौरस सेंटिमीटर भरतो, तर 3 सेंटिमीटरच्या रोपाचा 7. तीन रोपे नव्हे, 900 रोपे लागतील, आणि तीही सगळी जगली तर. अभियंत्यांनी भागाकार स्वतः करून पाहिला.

मग आम्ही दोघे झाडाखाली गेलो. पर्णसंभाराचा विस्तार दोन दिशांनी मोजला, सरासरी 22 मीटर, म्हणजे जवळपास 380 चौरस मीटर सावली. माझ्याकडच्या इन्फ्रारेड तापमापकाने उन्हातले डांबर 57 अंश दाखवले, पाच पावलांवर सावलीत 38. मी लाकडी हातोडीने बुंधा ठोकून पाहिला, तेव्हा रस्त्याच्या बाजूला, मुळांच्या वर, आवाज बद्द आला. आत पोकळी असण्याची शक्यता होती, आणि तीही मी त्यांच्यासमोरच नोंदवली, मूल्य त्यामुळे कमी होणार हे दिसत असूनही. नकोसे आकडे वगळायचे असते, तर मूल्यांकनाऐवजी पत्रक छापलेले बरे.

संध्याकाळी अहवालाच्या मसुद्यात सतराव्या झाडासमोर मी साठलेला कार्बन, दरवर्षीचा लाभ आणि झाड पुन्हा उभे करण्याचा खर्च असे तीन वेगळे रकाने ठेवले. साठा, वार्षिक प्रवाह आणि भांडवली किंमत यांची बेरीज करता येत नाही, तरी अभियंत्यांनी विचारलेच, "एकूण कुठे आहे?" एकूण नाही, असे सांगितल्यावर ते काही वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझी टेप उचलली, दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, "उरलेली चाळीस परत मोजू या का? या वेळी वाचतो मी."

अंधार पडेपर्यंत आमची अकरा झाली. त्यांतल्या एका झाडाचा आकडा माझ्या सकाळच्या नोंदीपेक्षा दोन सेंटिमीटरने कमी भरला, आणि बरोबर त्यांचाच होता.