एका वेलांटीसाठी

एका ओपन-सोर्स (म्हणजे कोड सर्वांना खुला, कुणीही दुरुस्ती पाठवावी अशा) वेबसाइटच्या मराठी रूपात ‘माहीती’ असं लिहिलेलं दिसलं आणि माझा रविवार गेला. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला असल्या गोष्टीकडे काणाडोळा करणं जमत नाही. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार ऱ्हस्व, हे आईने आम्हाला वरणभाताबरोबर भरवलेलं. शाळेत मराठी शिकवायची ती.

खरं तर ती वेलांटी ब्राउझरमध्येच बदलून पाठवता आली असती. पण प्रूफ न बघता छापायला कोण देतं? साइट आधी आपल्या कॉम्प्युटरवर चालवून बघायची. प्रकल्प जँगोतला, म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यावरचा, आणि जँगो मुळात कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेलं, २००५ साली सर्वांसाठी खुलं झालेलं. तेव्हा प्रूफ हवंच. रीडमीत, म्हणजे ‘हे कसं चालवायचं’ सांगणाऱ्या फाईलीत, सहाच ओळी होत्या. म्हटलं, चहा उकळेपर्यंत होईल.

कोड मिनिटात उतरला. मग व्हेन्व्ह केलं, म्हणजे या प्रकल्पापुरती पायथनची वेगळी चूल मांडली. हे मला फार आवडतं, कारण ते सरळसरळ सोवळं आहे. शेजारच्या प्रकल्पात जँगोची जुनी आवृत्ती नांदत असली, तरी या फोल्डरात तिची शिवाशिव नाही. (आजीच्या सोवळ्याबद्दल माझी मतं वेगळी आहेत, पण कॉम्प्युटरला ते शोभतं.) फक्त दर नव्या टर्मिनलात ते पुन्हा नेसावं लागतं. मी विसरलो आणि ‘जँगो नावाचं मॉड्यूलच नाही’ हे पंधरा मिनिटं ऐकून घेतलं.

पुढे पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणारं पॅकेज ‘पीजी-कॉन्फिग सापडत नाही’ म्हणून अडून बसलं. त्याची समजूत घातली. मायग्रेशन्स, म्हणजे डेटाबेसात तक्ते मांडायची कामं, सुरू झाल्या, हिरवे ‘ओके’ एकाखाली एक उमटत गेले. सर्व्हर चालू करतो, तर ८००० नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरची बसायची जागा, आधीच कुणीतरी अडवलेलं. शोधलं तर मीच! गेल्या महिन्यातला अर्धवट प्रकल्प अजून चालूच होता. स्वारगेटला खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि एसटीत चढूच नये, तसं.

वेलांटी बदलली. पान रिफ्रेश केलं. ‘माहीती’ जागच्या जागी.

तेव्हा कळलं, की आपण भाषांतर ज्या पीओ फाईलमध्ये लिहितो ती जँगो वाचतच नाही; तिच्यावरून यंत्रासाठी तयार केलेली एमओ फाईल वाचतं. ती करायला गेटटेक्स्ट नावाचं साधन लागतं. ते माझ्याकडे नव्हतं, आणि रीडमीच्या सहा ओळींतही नव्हतं. मी तिथे सातवी ओळ घातली. वेलांटीपेक्षा तीच जास्त उपयोगी पडेल बहुतेक.

चार वाजता पडद्यावर ‘माहिती’ आली. आई चहाचा कप ठेवायला आली होती, तिला अभिमानाने दाखवलं. तिने चष्मा वर सरकवला, पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

“खाली ‘सुचना’ लिहिलंय रे,” ती म्हणाली. “सू दीर्घ.”